पांढरी चार

मास्तर, तुमच्या मयतीला मी आलो नव्हतो. पांढुर्ण्यातच होतो. शर्ट घालून खाटेवर बसलो होतो, बायकोनं दोनदा विचारलं, तरी उठलो नाही. लोक म्हणाले, गुरूच्या मातीला गेला नाही, केवढा हा माज. म्हणू द्या. ज्यानं माझा गळा खाल्ला त्याले खांदा कायले द्यायचा?

तेव्हा घरोघरी कॅसेटी वाजायच्या आणि मी ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी म्हणायचो. रामाकोना, सौंसर, कुठूनही सुपारी आली की माईक ओठाला लावायचा आणि हळू गायचं, बाकीचं काम भोंगे करत. तुम्ही शाळेत गाणं शिकवायचे आणि हौशी मंडळाचं संगीत नाटक बसवत होते. नायकाचं काम द्यायला तुम्ही स्वतः घरी आले, तर मी हुरळून गेलो. पहिल्याच तालमीला तुम्ही पेटीवर पांढरी चारचा सा धरला. माझी पट्टी काळी एक. चार सूर उंच गायचं म्हणजे काय गंमत आहे? मी म्हटलं, जरा खाली घ्या ना. तुम्ही म्हणाले, "मी याच पट्टीत गायलो हे काम. माईकवर कुजबुजणं वेगळं, गाणं वेगळं."

मग तुमचं ते जिनिंगचं खूळ. कापसाचा हंगाम, शेडमध्ये यंत्रं धडधडत आहेत, मी या टोकाला उभा आणि तुम्ही त्या टोकाला, वजनकाट्यापाशी. यंत्रांच्या वरून माझा स्वर ऐकू आला तर तुम्ही हात वर करणार. महिनाभर हात काही वर झाला नाही. रुईचे तंतू नाकातोंडात जातात, मानेच्या शिरा तटतटतात, आई गुळण्यांना मिठाचं पाणी करून देते. दुखतं म्हणून सांगितलं तर तुमचं उत्तर तयार: "दुखून राहिलं म्हणजे गळा उघडून राहिला." उघडत नव्हता मास्तर, सोलून निघत होता. माझी नात आता नागपूरला गाणं शिकते. जरा दुखलं की तिची बाई तिथंच थांबवते, पट्टी उतरवते. नात हे सहज सांगते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

सौंसरचा प्रयोग रविवारी दुपारी होता. स्टेजवरचा माईक तुम्ही काढायला लावला. पहिल्या अंकात मी ओढून नेलं, शिट्ट्या पडल्या, वन्समोर झाला. दुसऱ्या अंकात आवाज फाटला तो फाटलाच. नागपूरच्या डॉक्टरनं गळ्यात गाठी दाखवल्या आणि सहा महिने तोंड बंद ठेवायला सांगितलं. बोलणं परत आलं, गाणं नाही आलं. पुढं तहसील कचेरीत तीस वर्षं या फाटक्या बांबूनं लोकांची नावं पुकारली.

आता राहिलेलं लिहितो. दुसऱ्या अंकात माझा स्वर चिरकायला लागला तेव्हा तुम्ही गुपचूप खाली उतरून माझी काळी एक धरली. तुम्ही, मास्तर. मी पेटीकडे वळलो आणि दातओठ खात म्हटलं, "चढवा." समोर माझ्या ऑर्केस्ट्रातली पोरं बसली होती, खालच्या पट्टीत गायची मला शरम वाटली. तुम्ही मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा चढवली.

नंतर गावभर मीच सांगत फिरलो की पाया पडलो तरी मास्तरनं पट्टी उतरवली नाही. मंडळानं तुमच्या हाती पुन्हा नाटक दिलं नाही. तुम्ही एकदा तरी बोलायचं होतं. रस्त्यात भेटले की गळा कसा आहे विचारायचे आणि चालू लागायचे. त्या गप्प राहण्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

हे तुमच्या पोराला द्यावं म्हणून लिहायला बसलो होतो. नाही देणार. मागच्या महिन्यात बाजारात त्यानं मला हेच विचारलं, खरं काय झालं होतं म्हणून. मी त्यालाही तेच सांगितलं, जे सगळ्यांना सांगत आलो.