तांब्याभर पाणी

महाड,
बुधवार, २० डिसेंबर १९३३

प्रिय तुळसा,

तुला आणि तुझ्या बोर्डिंगातल्या सगळ्या मुलींना सलाम. हे पत्र हाती पडेल तेव्हा नाताळ होऊन गेलेला असेल. आमचं टपाल आधी दासगावच्या बंदरावर जातं, तिथून बोटीने मुंबईला, आणि मग कुठे तुमच्या सौंसरच्या वाटेला लागतं. तरी आजच लिहायला बसले आहे. हन्ना झोपली आहे, भाकऱ्या झाल्या आहेत, आणि दुपारपासून माझ्या जिवाला चैन नाही. का ते सांगते, पण माझ्या गतीने सांगू दे. मॅट्रिकच्या पेपरातही मी सोपे प्रश्न आधी सोडवत असे आणि तू त्यावरून मला चिडवत असायचीस.

तर सोपं आधी. गेल्या रविवारी आगमनाची तिसरी पणती लावली. आपल्या मिसबाई हिरव्या डहाळ्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या उभ्या करत, तसं इथे करायचं तर मेणबत्त्या मुंबईहून मागवाव्या लागतील. मी पितळी ताटात आंब्याची डहाळी गोल मांडते आणि मध्ये चार पणत्या ठेवते. पणत्या चंद्राबाईच्या, तिच्या दिवाळीतून उरलेल्या. चंद्राबाई म्हणजे माझी शेजारीण. साठी उलटली असेल, गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. पहिल्या रविवारी ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, आमची दिवाली कवाच झाली गो, तुजी आता चालू व्हते? आनि आमी एका रातीत सगले दिवे लावतो, तू एकेक लावतेस, तेल वाचवतेस काय? मी म्हटलं, वाचवते. ती हसली. मग तिला सांगितलं की येणाऱ्याची वाट बघायची असते, म्हणून उजेड हळूहळू वाढवायचा. हे तिला पटलं. दर रविवारी येऊन बसते. उजेडात सुपारी कातरते.

गाण्याचं मात्र फजितीचं होतं. चौघी मिळून आपण आगमनाची गाणी म्हणायचो, त्यात मुख्य चाल तुझी आणि मी कायम दुसऱ्या सुरात. आता एकटीने म्हणायला गेले की तोंडातून दुसराच सूर निघतो. चाल मला येतच नाही गं, इतकी वर्षं कधी म्हणावीच लागली नाही. नुसता दुसरा सूर म्हणजे घराला खांब नाहीत आणि कौलं तेवढी आहेत, असं वाटतं. चंद्राबाई म्हणते, हे कसलं गानं, मयताला निघाल्यावानी. तरी म्हणते. हन्नाच्या कानावर काही तरी पडायला हवं.

आपल्या लुथरन मंडळीचं इथे दुसरं कुणी नाही. ह्यांचं मिशन किनाऱ्याकडचं. ती मंडळी नाताळचा दिवस पाळतात, पण आधीचे चार रविवार त्यांना ठाऊक नाहीत. त्यांचे पाळकसाहेब वर्षातून तीनदा फेरी करतात. कंपाउंडरांच्या घरी आम्ही सात-आठ माणसं जमतो, तिथेच उपासना आणि तिथेच प्रभुभोजन. एवढाच माझा ख्रिस्ती संग. हे सोमवार ते शनिवार पोलादपूरला, घाटरस्त्याच्या दुरुस्तीवर मिस्त्री आहेत. आठवडाभर घरात मी आणि हन्ना. नाताळची तयारी म्हणशील तर भिंतींना पांढरी माती दिली, जमीन सारवली, जुन्या हिशेबाच्या वहीचे कोरे कागद चिकटवून आणि कामट्या बांधून एक तारा केला आहे. जरा वाकडा झालाय. करंज्या शुक्रवारी करीन. पण करंज्या घेऊन कंपाउंडरांकडे जायचं की नाही, हे मला आज ठाऊक नाही. अवघड प्रश्न इथून सुरू होतो.

हन्नाच्या जन्माचं तुला थोडक्यात कळवलं होतं. ती श्रावणात झाली. सावित्रीचं पाणी बाजारपेठेच्या तोंडाशी आलेलं, घाटात दरड कोसळलेली, हे पलीकडे अडकलेले. पोर जन्मली ती निळी. रडेना. चंद्राबाईने उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून पाहिलं, आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी म्हटलं, पाणी दे. तिच्याच तांब्यात होतं ते तिने दिलं. मी पडल्यापडल्या पोरीच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने हन्नाचा बाप्तिस्मा केला. थोड्या वेळाने ती रडली. आता विचारशील तर पाच महिन्यांची आहे आणि बाहेरचे सगळे कुत्रे तिला घाबरतात.

मिसबाईंनी आपल्याला हे चिंध्यांच्या बाहुलीवर शिकवलं होतं. तुला हसू फुटलं आणि बाहुली बादलीत पडली. मिसबाई रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या की एक दिवस तुम्ही पाळकापासून लांब असाल. लहान प्रश्नोत्तरी आपण तोंडपाठ केली होती, की नुसत्या पाण्याने काही होत नाही, पाण्याबरोबर देवाचं वचन असतं त्याने होतं. हात कुणाचा याचा हिशेब नाही. जीव जात असला तर बाईचा हातही चालतो. आणि एकदा दिलेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही. देवाने एकदा शब्द दिला; तो पुन्हा मागायचा म्हणजे पहिल्यांदा दिला तो खरा धरला नाही, असंच सांगायचं.

गेल्या रविवारी पाळकसाहेब आमच्या घरी आले. हेही घरी होते. चहा झाला, आणि पाळकसाहेबांनी हन्नाला मांडीवर घेऊन सांगितलं की नाताळच्या दिवशी उपासनेत तिचा बाप्तिस्मा करू. मी म्हटलं, तो झाला आहे. त्यांनी फार मायेने समजावलं. त्यांच्या मंडळीत तो अधिकार फक्त दीक्षा घेतलेल्या सेवकाला. मी केलं ते आईच्या मायेने केलं, देव ते जाणतो, पण बाप्तिस्मा म्हणून ते धरता येत नाही. तुळसा, ते वाईट गृहस्थ नाहीत. ह्यांनी ख्रिस्त पत्करला तेव्हा घरच्यांनी ह्यांच्या नावाने आंघोळ केली, त्या वेळी पाळकसाहेबांनीच ह्यांना आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं, हाताला काम शिकवलं. ह्यांना ते बापाच्या जागी. म्हणून मला दुखवून बोलायचं नव्हतं. पण मी नाही म्हटलं.

ते म्हणाले, आणखी एकदा पाणी घातल्याने काय बिघडतं बाई? कुणाच्या मनात शंका नको. मी म्हटलं, माझ्या मनात शंका नाही. मग त्यांनी विचारलं, साक्षीला कोण होतं? मी उत्तर द्यायच्या आत दारातून चंद्राबाई म्हणाली, मी व्हते. पाळकसाहेब हसून म्हणाले, आजी, तुम्ही आमच्या धर्माच्या नाही, तुमची साक्ष कशी चालेल? तशी ती आत आली, सुपारीचा अडकित्ता हातात तसाच. म्हणाली, मंग कोन व्हता तितं? तुमी व्हतात काय पादरीबाबा? तांब्या माजा, पानी माजं, पोर माज्या हातात. हिनं देवाचं नाव घेतलं ते ह्या कानांनी आयकलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तिला थांबणं माहीत नाही. म्हणाली, आनि हिच्या पयल्याला बी हिनंच पानी घातलं व्हतं, तवा बी मीच व्हते.

हे खाली बघत होते ते तसेच खाली बघत राहिले. पाळकसाहेबांनी हन्नाला माझ्याकडे दिलं आणि उठताना म्हणाले की तुम्ही विचार करा. तोवर मात्र प्रभुभोजनाच्या मेजाशी येऊ नका, माझ्या मंडळीचा नियम मला मोडता येत नाही. कंपाउंडरीणबाई दुसऱ्या दिवशी येऊन गेल्या. त्याही तेच म्हणाल्या, थोडं पाणीच तर आहे. इतका हट्ट कशाला? नाताळला एकटी घरी बसणार का? मी त्यांना काय सांगणार होते?

तुला सांगते. पहिल्या मुलाबद्दल मी तुला एवढंच लिहिलं होतं की देवाने दिला आणि देवाने नेला. तीन वर्षं झाली. तो अवेळी आला, याच दिवसांत, दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मध्ये. सकाळी झाला आणि दिवे लागायच्या सुमारास गेला. मुठीएवढं तोंड होतं. त्याच्याही डोक्यावर मीच पाणी घातलं. हे दुसऱ्या दिवशी आले, त्यांनीच नदीकडच्या उतारावर खड्डा खणला. मी सांगितलं की बाप्तिस्मा केला आहे. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, पाळकसाहेब असते तर बरं झालं असतं. त्यानंतर त्या मुलाबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. बोलायची वेळ आलीच तर हे ‘त्या वेळचं’ म्हणतात. मुलगा म्हणत नाहीत.

आता कळलं ना, मी नाही का म्हणते? हन्नाचं पाणी पुन्हा घालू दिलं तर त्या पहिल्याचंही पाणी नुसतं पाणीच होतं असं होईल. हन्नाचं निभावेल, तिला दुसरं मिळेल. पण त्याला दुसरं कोण देणार? तो तर त्याच एका तांब्याच्या भरवशावर गेला. मी त्याची आई, आणि मीच सगळ्यांसमोर उभी राहून कबूल करायचं की त्याला काही मिळालं नव्हतं? ते मला जमायचं नाही. प्रभुभोजन नाही मिळालं तर मी उपाशी राहीन. नाताळला ताऱ्याखाली एकटी बसेन, तुझ्याशिवाय दुसऱ्याच सुरात गाईन.

हे मी ह्यांना म्हणाले नाही. रविवारी रात्री हे जेवले, सोमवारी पहाटे नेहमीसारखे निघून गेले. हन्नाच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, पाळकसाहेबांचा अपमान झाला तो ह्यांच्या जिव्हारी लागला. दोन दिवस मी घरात अशी वावरले की चंद्राबाईसुद्धा गप्प बसली.

आज दुपारी पोलादपूरहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीवरचा मोरू आला. तो दारातून ओरडतो ते पेठेपर्यंत ऐकू जातं. वैनी, मिस्तरींनी गठुडं दिलंय, आनि मला ताक द्या, घाटात घसा पार सुकला! त्याला ताक दिलं. गठुड्यात ह्यांचे धुवायचे कपडे आणि आवळे होते. आवळ्यांच्या खाली चिठ्ठी. हे लिहितात तेव्हा भिंत बांधल्यासारखं एकेक अक्षर बसवतात. दोनच ओळी. शनिवारी येतो. मुलाचं नाव काय ठेवलं होतंस?

ती चिठ्ठी हातात घेऊन मी ओट्यावर बसले ती हन्ना रडेपर्यंत उठले नाही. तीन वर्षांनी ‘मुलाचं’ म्हणाले. आणि नाव विचारलं, तुळसा. नुसत्या पाण्याला कुणी नाव विचारत नाही.

आता तुला हे एवढं लांबलचक का लिहिते आहे ते सांगते. ते नाव मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चंद्राबाईने ऐकलं होतं, पण तीही कधी बोलली नाही, आणि ती किती बोलते ते तू वर वाचलंसच. त्या वर्षी भाद्रपदात ह्यांचे वडील वारले होते. हे रात्रभर चालून डोंगरातल्या आपल्या वाडीवर गेले, तर भावकीने वेशीवरच थांबवलं. खांदा देऊ दिला नाही. लांबून धूर बघून परत आले आणि दोन दिवस हातात थापी धरली नाही. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूल झालं. जीव जाताना दिसत होता, तांब्या माझ्या हातात, आणि बायबलातली इतकी नावं पाठ असून एक तोंडात येईना. आलं ते सासऱ्यांचं. तेच नाव घेऊन मी पाणी घातलं आणि संध्याकाळी तेही गेलं. ह्यांना कसं सांगायचं होतं मी? एकदा त्यांना वेशीवरून परत पाठवलं होतं, ते नाव सांगून मी पुन्हा पाठवल्यासारखं झालं असतं. म्हणून गप्प राहिले, आणि त्यांनी विचारलं नाही. आता विचारलं आहे. शनिवारी त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे, आणि मला भीती वाटते की तोंड उघडेल आणि आवाज फुटणार नाही. तीन वर्षांत हे नाव मी उच्चारलं नाही, कुठे लिहिलं नाही. म्हणून आधी तुझ्यापाशी लिहून बघते. तू हे वाचताना एकदा मोठ्याने म्हण, त्याच्या आईखेरीज कुणी तरी म्हटलेलं असू दे. चि. मालोजी सयाजी उतेकर.

तुझीच,
आवडी