सूर्यभानच्या आईचे वय

सेलू, १९ सप्टेंबर १९७८

आदरणीय गोविंदराव यांस, विष्णूचा नमस्कार.

आपला गुडघा आता कुरकुरत नसावा. (मागील पत्रात आपण 'गुडघा बरा' असे लिहिले होते, उजवा की डावा, याचा उल्लेख नव्हता.)

विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने मी दैनिकात चालविलेला वाद आपल्या वाचनात आला असेलच. 'निःपक्ष नागरिक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थाचे मी पाच पत्रांत सप्रमाण खंडन केले. (चौथ्यातील दोन परिच्छेद संपादकांनी कापले, ते सोबत जोडले आहेत.) त्याचे मत तसूभर हलले नाही, माझेही नाही, संपादकांनी जागेअभावी वाद संपल्याचे जाहीर केले.

त्याच दिवसांत सूर्यभान आला. नामांतराच्या दंगलीत त्याच्या वस्तीवरची घरे जाळली गेली. तेव्हापासून तो, बायको आणि आई शाळेच्या ओसरीवर राहतात. "पेपरात तुमी आमच्या बाजूनं लिवायलेत, म्हणून आलो," म्हणाला. छपराच्या पत्र्यांसाठी सरकारी मदतीचा अर्ज लिहून हवा होता. अर्जात प्रत्येकाचे वय लागते. आईचे त्याला सांगता येईना. "लय म्हातारी हाय, असं लिवा की गुरुजी." सरकारी कागदात 'अंदाजे' हा शब्द मी आजवर लिहिलेला नाही. मी त्याला चौकशीसाठी परत पाठविले; एकदा नव्हे, तीनदा. (पाचवे पत्रही तेव्हाच पुरे व्हायचे होते.) तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, "झड आत यायलीय, माय भिजायलीय. साठ लिवा, सत्तर लिवा, ती काय भांडायला येणार हाय?"

आपल्या भगिनी, सौ. सुमंगला, आतून म्हणाल्या, "त्या पेपरातल्या नागरिकाचं घर जळालंय का? मग आधी त्याला उत्तर कशाला?" मी सुमंगलेस तत्त्व आणि तपशील यांतील भेद समजावून सांगितला. ती ऐकते आहे असे वाटले. प्रत्यक्षात ती चपला घालत होती. तेव्हापासून ती रोज ओसरीवर पीठ पोचवते आणि माझ्याशी कामापुरते बोलते.

सोमवारी मदतीची यादी बंद झाली. अर्ज माझ्या टेबलावर होता, आईच्या वयाची जागा तेवढी कोरी. अक्षर सुरेख आले आहे.

वहिनींस नमस्कार. आपला स्नेह उणावू नये.

आपला,
विष्णू

ता. क. – आपण कचेरीत आहात. एका कुटुंबासाठी यादी उघडता येते का, पाहावे. हे पत्र त्यासाठीच आहे. वरचे सारे वाचले नाही तरी चालेल. अर्ज सोबत आहे.

पुनश्च – पाकीट बंद करीत असता सुमंगला परत आली. सूर्यभानची आई आज सकाळी गेली. अर्जातील तिचे नाव मी खोडले आहे. माणसे आता दोन. पत्रे तेवढेच लागतील.