बाबांचं पोर्टेबल

मुलुंड (पूर्व)

प्रिय दीप्ती,

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर बोलते तेव्हा बाबा समोरच असतात. त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं, आणि त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर बोलणं मला जमत नाही. परवा तू विचारलंस, आई, बाबा माझ्यावर रागावलेत का गं, व्हिडिओ लावला की तोंड फिरवतात. मी 'काहीतरीच काय' म्हणून फोन ठेवला. खरं म्हणजे मला उत्तर माहीत नव्हतं.

पक्षाघाताच्या झटक्यात उजवी बाजू गेली, वाचाही गेली. स्पीच थेरपीची मुलगी टॅब घेऊन आली. चित्रं दाबायची: पाणी, भूक, संडास. बाबांनी टॅब पालथा घातला. अक्षरं लावून दिली तर डावं बोट थरथरतं, एका अक्षराऐवजी तीन उमटतात. माझा लॅपटॉप पुढे केला, तर त्याचं झाकण लावलं आणि माळ्याकडे बोट दाखवलं. दाखवतच राहिले. शेवटी वॉचमनकडून माळा रिकामा करवला, तेव्हा कळलं काय हवंय ते. पोर्टेबल!

तुला आठवत असेल. शिवणयंत्राच्या पेटीएवढं कॉम्प्युटरचं धूड. वर मूठ आहे म्हणून पोर्टेबल म्हणायचं. बाबा शनिवारी ते ऑफिसातून रिक्षाने आणायचे आणि खांदा चोळत जिना चढायचे. पुढे ऑफिसने टाकून दिलं तेव्हा घरीच राहिलं. झाकण काढलं की तोच कीबोर्ड. तळहाताएवढा पडदा, हिरवी अक्षरं, पंख्याची घरघर, तापलेल्या धुळीचा वास. पुढे दोन फटी. एकीत प्रोग्रामची फ्लॉपी घालायची, दुसरीत आपलं लिहिलेलं साठवायचं. दुसरी केव्हाच बिघडली. सोसायटीची सेक्रेटरी असताना मी नोटिसा त्याच्यावरच टाइप करायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी. लिहायचं आणि लगेच छापायचं, कारण बंद केलं की सगळं गेलं. कळा मात्र दणकट. नीट दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. थरथरत्या बोटाला तेच सोयीचं.

सुरू होईल असं वाटलं नव्हतं. पेटलं. बाबांनी एकेक कळ शोधून लिहिलं, 'दीप्तीला सांग'. एवढ्यात पडदा काळा. तापलं की असंच होतं. गार झाल्यावर पुन्हा लावलं, तर बाबा पुन्हा पहिल्यापासून: 'दीप्तीला सांग'. अहो, हे झालंय, पुढचं लिहा, मी म्हटलं. ऐकत नाहीत. कोरा पडदा दिसला की पहिलं अक्षर. रोज तेच. मी समोर टेबलफॅन ठेवला, खिडकी उघडली, पाठीमागे ओला नॅपकिन धरला, मग शॉक लागेल म्हणून काढला. दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, काकू, याचे पार्ट आता कुठे मिळणार, शोकेसमध्ये ठेवा. मी त्याला झापलं. जन्मभर लोकांना कामाला लावलं मी, महापालिकेलासुद्धा. आणि या डब्यापुढे हात बांधून उभी राहते.

मंगळवारी एक शब्द जास्त आला. 'दीप्तीला सांग तांदूळ'. मग काळोख. त्यानंतर मशीन पेटलेलं नाही.

तांदूळ म्हणजे काय, ते मला कळलं. तुला कळणार नाही, कारण तुला ते कधी सांगायचं नाही अशी बाबांची ताकीद होती. तू बालवाडीत होतीस. खंडेनवमीला बाबांनी पोर्टेबलची पूजा मांडली. सगळ्यांची पाठ वळल्यावर तू हळदकुंकू लावलेल्या अक्षता त्या दुसऱ्या फटीत सारल्यास, आतल्या देवाला. फट कायमची गेली. मशीन ऑफिसचं, नवं कोरं. बाबांनी ऑफिसात रिक्षात आपटलं म्हणून सांगितलं, मेमो घेतला, आणि घरी येऊन तुला खांद्यावर बसवलं. आता तेच म्हणतात, दीप्तीला सांग. सांगून काय, ते पुढच्या शब्दांत असणार, आणि ते शब्द मला मिळत नाहीत. मी विचारलं, ती लहानपणची गोष्ट सांगू तिला? बाबांचं अर्धं तोंड हललं. हसले की रडू आलं, त्या अर्ध्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. तू त्यांची लाडकी, तू ओळखशील, रागावलेत की नाही तेही. सांग म्हणाले, म्हणून सांगितलं. पुढचं मला येत नाही.

तुझीच,
आई