पुढून स्थळं, मागून कोर्स

बाई, शाळेत तुम्ही आम्हाला मॅडम होतात आणि रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांमध्ये बाई. मी तुम्हाला कायम मॅडमच म्हणत आले, आज पहिल्यांदा बाई म्हणते. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी आता रायपुरातच एका डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवते, आणि उन्हाळ्यात माझ्याकडे एक जास्तीचं काम असतं. दहावी झालेल्या मुलांच्या आईवडिलांना पुढे काय काय करता येतं, ते सांगायचं. म्हणजे तुमचंच काम. तुम्हाला ते कुणी दिलेलं नव्हतं. मला लेखी आदेशानं मिळालं आहे.

तुमची निळ्या पुठ्ठ्याची डायरी मला नीट आठवते. पुढून उघडली की लग्नाची स्थळं: उंची, शिक्षण, नोकरी, मामाचं गाव. उलटी करून मागून उघडली की दहावीनंतरचे कोर्स: कुठे, किती वर्षांचा, फॉर्मची शेवटची तारीख. गणिताच्या बाई डायरी घेऊन दारात आल्या म्हणजे घरातल्या कुणाचं तरी लग्न जमणार, अशी सगळ्यांची खात्री असायची, त्यामुळे तुम्हाला कुणी उंबऱ्यावरून परत पाठवत नसे. तुम्ही ही सोय जाणूनबुजून वापरत होतात, हे मला फार उशिरा कळलं.

त्या रविवारी तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा ताई वीस वर्षांची होती. आईनं तुम्हाला खिडकीतून येताना पाहिलं आणि घरात धावपळ सुरू झाली. ताईला साडी नेसवली, पोहे टाकले, रेल्वेच्या ड्युटीवरून नुकतेच आलेले बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. तुम्ही पोहे खाता, लिंबू अजून मागून घेता, ताईची चौकशी करता. बाबा डायरीकडे बघत बसलेले. मग तुम्ही डायरी उलटी केलीत आणि म्हणालात, “मी धाकटीसाठी आले.”

बाबा गडबडले. “धाकटी तं पंधराचीच हाये, बाई.”

“हव. म्हणूनच आले.”

आतल्या खोलीत ताई जे हसायला लागली ते तिला आवरेना. ती आजही सांगते की आयुष्यात आपण एकदाच न घाबरता पोहे नेऊन दिले, कारण ते आपल्यासाठी नव्हतेच. अर्थात हे तिला पोहे देऊन झाल्यावर कळलं होतं, पण मी तिला दुरुस्त करत नाही.

बाबांची शंका एकच होती. दहावीनंतर डिप्लोमाला घातलं तर बारावी होणार नाही, आणि बारावी नाही म्हणजे पोरगी जन्मभर दहावी पासच म्हणवणार. डिप्लोमाला नापास पोट्टे जातात, असंही त्यांनी वर जोडलं. तुम्ही वाद घातला नाहीत. डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, हे तुम्ही कागदावर लिहून दाखवलंत. बाबांना तरी पटेना. तेव्हा तुम्ही विचारलंत की नागपूरला जाताना दुर्गला गाडी बदलली, तर नागपूर चुकतं का? बाबांनी आयुष्यभर लोकांच्या गाड्या जुळवून दिल्या होत्या. ते कागदाकडे पुन्हा पाहू लागले आणि म्हणाले, “मंग हे आमाले कोनी काहून नाही सांगितलं?” मी दाराला टेकून उभी होते. इतका आनंद झाला होता की कुणी न सांगता सगळ्या ताटल्या घासून टाकल्या.

यंदा मे महिन्यात रायपूरबाहेर, अभनपुरात आमची पालकसभा झाली. मी रंगीत चौकोन आणि बाण काढलेला मोठा तक्ता नेला होता. विज्ञान, वाणिज्य, कला, आयटीआय, डिप्लोमा, आणि कुठून कुठे जाता येतं ते सगळं. तक्त्यात एकही चूक नव्हती, आणि कुणीही काही विचारलं नाही. शेवटी एका बाईंनी तेवढं विचारलं की मुलींचं बाथरूम वेगळं आहे ना. आहे, म्हटलं. त्यांच्या मुलीचं नाव नंतर आमच्या प्रवेशयादीत लागलं, पण ती कागद द्यायला आलीच नाही. सोमवार शेवटचा दिवस. परवा, शनिवारी, तिनं फोन केला: पप्पा नको म्हणताहेत. अशा वेळी आम्ही फक्त शेवटची तारीख पुन्हा सांगतो. मी पत्ता विचारला आणि काल, रविवारी, त्यांच्या घरी गेले.

तिचे वडील अडत्याकडे धान्य तोलायला असतात. आई मूळची भंडाऱ्याची, म्हणून माझ्याशी मराठीत बोलली. मुलगी मराठी ऐकून हिंदीत उत्तर देत होती. वडिलांचं म्हणणं बाबांचंच होतं, फक्त हिंदीत. “मैडम, बारहवीं नहीं होगी तो दसवीं पास ही कहलाएगी।” तक्ता मी नेलाच नव्हता. माझी फाईल नेली होती. मी माझ्या गुणपत्रिका खाटेवर ओळीनं मांडल्या, दहावीची, डिप्लोमाची, डिग्रीची, आणि यात बारावीची शोधा म्हटलं. त्यांनी सगळे कागद तीनदा चाळले. मग एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि अभनपुराहून सकाळची बस किती वाजता असते ते मलाच विचारू लागले. मुलगी वेळ सांगून मोकळी झाली. तिला सगळ्या बसच्या वेळा पाठ होत्या.

चहा देताना तिच्या आईनं विचारलं, “सुट्टीच्या दिवशी इतक्या दूर आल्या तुमी. तुमाले एवढं काहून पडलं?”

खरं कारण सांगायला बराच वेळ लागला असता, आणि मला असं काही सांगता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, माझ्या बाईंनी पाठवलंय, संध्याकाळी त्या विचारतील.

“मंग सांगा त्याईले, सोमवारी पोट्टी येते म्हनून.” आणि त्यांनी एका डब्यात तुमच्यासाठी बेसनाची तळलेली ठेठरी भरून दिली. रुमालात बांधून, बाईंना नक्की द्या असं दोनदा बजावून. तुम्ही नाही आहात, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी डबा घेतला आणि हो म्हटलं.

आज सोमवार. सकाळी साडेदहाला ती वडिलांबरोबर आली, कागद जमा झाले, पावती मी स्वतः दिली. तिच्या वडिलांनी विचारलं, बाईंना ठेठरी आवडली का. मी म्हटलं, खूप.

निरोप पोचवायचा होता म्हणून हे लिहिलं. कुठे पाठवता येणार नाही, ठाऊक आहे. आणि ठेठरी एकही उरली नाही, बाई. परतीच्या बसमध्ये रायपुरातलं पंडरी यायच्या आत मी सगळी खाल्ली.