मी काढलेला एड्नाचा फोटो

सोमवार, ६ मार्च. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. ग्लेनिसचं म्हणणं, तेच तेच मला सांगण्यापेक्षा एखाद्या वहीला सांगत जा. बायको म्हणून एकेचाळीस वर्षं काढल्यावर माणसाने असं बोलावं? असो. वहीला निदान मध्येच भांडी आठवत नाहीत.
संकल्प: रोज दोन मैल चालणे. सॉसेज बंद. माळ्यावरचे जुन्या फोटोंच्या स्लाइडचे खोके काढून वर्षवार लावणे.

सकाळी ९. पाऊस. चालणं उद्यापासून. सॉसेज खाल्ले, कारण आधीच तळायला टाकले होते. अन्न वाया घालवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

बुधवार, ८ मार्च.
मोठी बातमी! हॉकथॉर्प स्टेशनच्या चहाच्या खोलीत एड्नाच्या शेवटच्या फेरीचा फोटो लागणार. चांगला दाराएवढा मोठा. खाली पितळी पट्टी, पट्टीवर फोटो काढणाऱ्याचं नाव. अनावरण एप्रिलमध्ये, जुन्या डिझेल इंजिनांच्या मेळ्यात. आमच्या रेल्वेप्रेमींच्या क्लबची सेक्रेटरी हिलरी फोनवर म्हणाली, बर्नार्ड, त्याबद्दल तुझ्याशी जरा बोलायचंय. जरा! बाई लाजत असणार.

एड्ना हे आमच्या भागातलं शेवटचं शिट्टीवालं डिझेल इंजिन. लांब नाक, उडालेला निळा रंग, आणि चढाला जोर लावला की अशी शिट्टी घालायची की दरीपलीकडच्या मेंढ्या माना वर करायच्या. फेब्रुवारी १९८१ मध्ये तिने हॉकथॉर्पमधून शेवटची गाडी ओढली आणि भंगारात गेली. शेकडो माणसं पावसात उभी होती. त्या दिवसाचा सर्वांत चांगला फोटो मी काढला. क्लबात कोणालाही विचारा.
फोटो कोणी पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी. रोल धुणाऱ्या लॅबने घात केला. छत्तीसच्या छत्तीस स्लाइड काळ्याकुट्ट करून पाठवल्या. पण मला तो फोटो आजही जसाच्या तसा दिसतो. ओले रूळ, वळणावरून येणारी एड्ना, खिडकीतून टोपी हलवणारा ड्रायव्हर. बहुतेक एखाद्या चित्रकाराला बसवून माझ्या वर्णनावरून काढून घ्यायचा बेत असेल. तयार आहे मी.

शुक्रवार, १० मार्च.
दगा.
फोटो क्लाइवचा लावणार. क्लाइव थॅक्रेचा! ज्याच्याबरोबर शाळा बुडवून फलाटाच्या टोकाला बसून इंजिनांचे नंबर उतरवले, जो माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होता, त्याचा. मी हिलरीला विचारलं, त्याचाच का? तर म्हणते, त्याच्याकडे स्लाइड आहे म्हणून. असणारच! त्याचा रोल कोणी जाळला नाही. आणि क्लाइवला म्हणे मला सांगायला संकोच वाटत होता. वाटणारच. केसाने गळा कापताना हात थोडा थरथरतोच.
संकल्प: क्लाइवशी बोलणं बंद. कायमचं.

रविवार, १२ मार्च.
क्लाइवशी बोललो. नाइलाज. माळ्यावरचे खोके खाली आणायला माणूस हवा होता, आणि माझा गुडघा. बहिणीने केलेला आल्याचा केक घेऊन आला. मी कामापुरतंच बोललो. केकबद्दल फक्त 'बरा आहे' म्हणालो. तीन तुकडे खाल्ले, पण मन लावून नाही.
काळ्या स्लाइडचा डबा त्याच्या हातात आला. त्याने तो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, अरे बाबा, हे टाकून का देत नाहीस? मी म्हणालो, पुरावा आहे. त्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ग्लेनिसकडे बघितलं आणि परत मिटलं.
मनात चोर असला की असंच होतं.

बुधवार, २२ मार्च. सकाळी, अर्धी दाढी झालेली.
उलगडा झाला! ब्रश तसाच टाकून लिहितोय.
फिल्म दोघांची एकाच कंपनीची होती. डब्या सारख्या, पिवळ्या. गाडी गेल्यावर आम्ही स्टेशनसमोरच्या पबमध्ये शेकत बसलो होतो आणि दोन्ही रोल टेबलावर होते. अदलाबदल! काळा निघालेला रोल क्लाइवचा. तो ज्या स्लाइड आपल्या म्हणून मिरवतो त्या माझ्या!
तो एका फलाटावर होता आणि मी दुसऱ्या, हे खरं. पण दिवसभर आम्ही दोघेही इकडून तिकडे पळत होतो. कोण कुठे होतं ते त्याला तरी काय आठवणार?
मोठ्या मनाने 'चुकून झालं' म्हणायला तयार होतो. पण मग तो केक आठवला. इतका मोठा केक त्याने जन्मात कधी आणला नव्हता.
ग्लेनिसला सांगितलं. ती म्हणाली, मग इतकी वर्षं त्या लॅबवाल्यांना शिव्या दिल्यास त्याचं काय? मी म्हणालो, मनातून माफी मागितली. ती म्हणाली, उरलेली दाढी कर.

गुरुवार, ३० मार्च.
कॅमेरा कपाटातून काढला. जर्मन. वडिलांनी दिलेला. हल्लीच्या कॅमेऱ्यांसारखं यात लेन्समधून बघायचं नसतं. वरच्या कोपऱ्यात वेगळी छोटी खिडकी, तिला डोळा लावायचा. काहीही असो, चित्र नेहमी लख्ख. लेन्सवर आजही एक ओरखडा नाही. पाऊस असो, बर्फ असो, मी तिला डोळ्यात तेल घालून जपलं. क्लाइवच्या लेन्सवर ओरखडेच ओरखडे. ग्लेनिसला हे दाखवलं तर म्हणाली, हो, तू फारच जपलंस तिला. कधी नव्हे ते कौतुक.
चालणं: एकदा. पोस्टाच्या पेटीपर्यंत.

शुक्रवार, ७ एप्रिल. गुड फ्रायडे.
चाल खेळलो. हिलरीला कळवलं की मेळ्याच्या संध्याकाळी क्लाइवने त्या दिवसाच्या सगळ्या स्लाइड पडद्यावर दाखवाव्यात. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीने, एकही न गाळता. माझे फोटो मी बघताक्षणी ओळखेन आणि तिथेच उभा राहून बोलेन. तिला वाटलं, मला जुन्या आठवणी हव्यात. म्हणाली, छानच, लोकांना आवडेल.
दुपारी क्लाइव धावत आला. कोटसुद्धा काढला नाही, खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, बर्नार्ड, असं नको करू रे. पट्टीवर तुझं नाव घालू हवं तर. मला काही नको.
बघा! निरपराध माणूस असं बोलेल? मी म्हणालो, मला भीक नको, न्याय हवा. मग म्हणाला, निदान एक स्लाइड तरी गाळू दे, ती काही बरी आलेली नाही. कुठली? ते सांगेना. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, तीच! ती तर दाखवायचीच!
तो ग्लेनिसकडे बघत राहिला. ती म्हणाली, जाऊ दे क्लाइव, मी सांगून थकले. काय सांगून थकली कोण जाणे. मला तर काही सांगितलेलं नाही. वर त्याला बरोबर न्यायला गरम बन बांधून दिले. माझ्या वाटणीचे.

सोमवार, २४ एप्रिल.
भाषण तयार. ग्लेनिस इस्त्री करत होती, तिला म्हणून दाखवलं. शेवटचं वाक्य असं: मित्रांनो, बटण कोणीही दाबू शकतं, पण तो डोळा माझा होता. इथे थांबायचं. टाळ्या.
ती म्हणाली, घरीच राहूया का रे त्या दिवशी? बोलायला आपली माणसंसुद्धा कच खातात.
संकल्प: विजयानंतर क्लाइवला माफ करायचं. लगेच नाही. जूनमध्ये.

शुक्रवार, २८ एप्रिल. संध्याकाळी ५.
टाय बांधला. सूपचा डाग पडला. दुसरा बांधला. क्लाइवच्याच गाडीतून जातोय. नाइलाज, आमची गाडी ग्लेनिसने दुरुस्तीला टाकली आहे, नेमकी आजच. क्लाइव बाहेर हॉर्न न वाजवता थांबलाय.

शनिवार, २९ एप्रिल.
लिहिणार नव्हतो.
वाटेत क्लाइव एकच वाक्य बोलला. अजून वेळ आहे, बर्नार्ड. मी काचेबाहेर बघितलं.
खोली भरली होती. पहिल्या स्लाइडपासून मी काठी घेऊन पडद्याशेजारी उभा राहिलो. ही माझी, म्हणालो. हीसुद्धा माझी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. हिलरी म्हणाली, बर्नार्ड, बसतोस का जरा? मी म्हणालो, बेचाळीस वर्षं बसलोच होतो.
मग क्लाइवचा हात बटणावर थांबला. थांबलाच. मी ओरडलो, पुढे! सगळ्या म्हणजे सगळ्या!
त्याने बटण दाबलं.
एड्ना. वळणावरून येणारी. ओले रूळ, टोपी हलवणारा ड्रायव्हर. मी जसं सांगत आलो अगदी तसं. माझाच फोटो! काठी उचललीसुद्धा. आणि मग फोटोच्या उजव्या बाजूला, रुळांपलीकडच्या फलाटावर, मी दिसलो. चोवीस वर्षांचा. ग्लेनिसने विणलेला मरून मफलर. कॅमेरा डोळ्याला लावलेला, उजवं बोट बटणावर, डावा हात क्लाइवच्या दिशेने वर केलेला, तो का ते आठवत नाही. चेहऱ्यावर इतका आनंद, की मी स्वतःला तसा कधी आरशात बघितलेला नाही.
फोटोत मीच असल्यावर तो मी काढलेला कसा असेल, एवढं कळायला मला वेळ लागला. बाकीच्यांना दुसरी गोष्ट आधी कळली. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, अरे, झाकण.
लेन्सवर झाकण होतं. काळं, गोल. त्या पडद्यावर बशीएवढं.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. क्लाइवने चटकन पुढची स्लाइड लावली आणि मोठ्याने म्हणाला, काय पाऊस होता त्या दिवशी, मीपण दोनदा झाकण काढायला विसरलो होतो. साफ खोटं. क्लाइव कधी काही विसरत नाही.
भाषण खिशात तसंच आहे.

रविवार, ३० एप्रिल.
ग्लेनिसला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, तेव्हापासून. स्लाइड धुऊन आल्यावर क्लाइव आधी तिच्याकडे आला होता. म्हणाली, तू लॅबवर इतका चिडला होतास की आमची दोघांचीही बोलायची हिंमत झाली नाही, आणि पुढे ते वाढतच गेलं.
म्हणजे दोघांना माहीत होतं. मी दर ख्रिसमसला क्लबात ती लॅबची गोष्ट सांगायचो आणि क्लाइव शेजारी बसून मान डोलवायचा. भयंकर लॅब, म्हणायचा. कधीकधी मी एखादा तपशील विसरलो तर तोच आठवण करून द्यायचा.
याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं? मित्र आणि बायको, दोघांनी मिळून माणसाला बेचाळीस वर्षं खुशाल मूर्ख राहू द्यायचं. फार वाईट वाटतंय. कोणावर चिडायचं तेही धड ठरत नाही. ती लॅबसुद्धा बंद पडली कधीच.

सोमवार, १ मे. बँक हॉलिडे.
हिलरीचा फोन. लोकांना तीच स्लाइड लावायला हवी आहे. म्हणतात, नुसत्या इंजिनाचे फोटो सगळीकडे असतात. क्लाइव देत नाही. बर्नार्डला विचारा म्हणतो. मी फोन ठेवला.

दुपारी ४.
क्लाइव फाटकाशी पावसात उभा होता, कोटाखाली केक धरून. बराच वेळ उभा राहू दिला. मग ग्लेनिसनेच दार उघडलं.
तिघं बसलो. ग्लेनिसने केक कापला. शेवटी मी त्याला मनातलं विचारलं. पुढचं सगळं सोडून दे. मला खूश ठेवायचं होतं म्हणतोस, तेही मानलं. पण त्या दिवशी, त्या क्षणी, तू समोरच्या फलाटावर होतास. तुला दिसत होतं. गाडी जायच्या आधी ओरडला का नाहीस, झाकण काढ म्हणून? एवढंसुद्धा केलं नाहीस?
त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, ओरडलो ना, बर्नार्ड. दोनदा ओरडलो. तूच हात वर केलास, गप्प बस म्हणून.
मी केकचा आणखी एक तुकडा घेतला.