मीठ्या तालाबाच्या फेऱ्या

१२ डिसेंबर
हृदयात स्टेंट बसवला त्याला आज पाच आठवडे. डॉ. म्हणाले, रोज अर्धा तास चाला, पण उन्हं वर आल्यावर. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. तीस वर्षं देवासच्या शाळेत पी.टी. घेतली, पोरांना सूर्य उगवायच्या आत मैदानावर उभं केलं. आता मीच साडेआठपर्यंत घरात! मालती म्हणाली, "बसा. आणि मी येणार बरोबर." हिला चालायचा किती कंटाळा! तरी येणार म्हणे.

१४ डिसें.
मीठा तालाब, पाऊण फेरी. अंगावर इनर (लेकीने पुण्याहून पाठवलेलं), स्वेटर, जाकीट, कानटोपी, मफलर. बाकावरचे चौहान भिया: "क्यों सर, हिमालय जा रिये हो क्या?" अर्ध्या वाटेत घाम. जाकीट काढून खांद्यावर टाकलं, तर हिने थांबवलं. "घाम गार पडला की छातीत बसेल. चेन उघडा, काढू नका." पी.टी. मास्तरला शिकवते. बरोबर होतं पण.

१९ डिसें.
एक फेरी पूर्ण. चालताना बोलता आलं पाहिजे, दम लागला तर वेग कमी, हा डॉ.चा नियम. म्हणून ही सारखी प्रश्न विचारते. नुसतं हूं केलं की थांबवते. आजचा विषय: संध्याकाळी गराडू, इथला हिवाळ्यातला कंद, तळायचे का. (नाही. डॉ.)

२४ डिसें.
चूक केली. लिहून ठेवतो.
ही झोपेत असताना सहाला एकटाच निघालो. तालाब नको वाटला, म्हाताऱ्यांची जागा. देवीच्या टेकरीच्या पायऱ्या चढलो. धुकं, बोचरा वारा. साठ-सत्तर पायऱ्या झाल्या असतील, छाती आवळली, जबडा दुखायला लागला. बसलो. दगड बर्फासारखा. फोन घरी. खिसे चाचपले तर जाकिटात गोळी सापडली, जिभेखाली ठेवली. खिशात ती हिनेच ठेवलेली, मला पत्ताही नव्हता. फुलं विकणाऱ्या बाईंनी स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली, मला घरचा नंबर विचारून फोन लावला. "भाभीजी, सर यहाँ बैठे हैं, जल्दी आ जाओ."
ही रिक्षा घेऊन आली. गाऊनवर स्वेटर, पायात चपला. दवाखान्यात ईसीजी ठीक निघाला. रिक्षात माझा हात धरून होती. तिची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी.

२५ डिसें.
अबोला. "पान वाढलंय," एवढंच.
संध्याकाळी भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, "तुम्हाला काही झालं असतं तर मी भांडायचं कुणाशी?"
मेथी निवडू लागलो.

२८ डिसें.
डॉ.नी परवानगी दिल्यावर आज पुन्हा तालाब. नऊ वाजता, हळूहळू.
आज हिचे पाय पाहिले. इतके दिवस ही चपलांवर चालतेय, मोज्यांशिवाय. टाचा फुटून रक्त आलंय. घरातली सगळी लोकर माझ्या अंगावर, मफलरसुद्धा हिचाच. वर्षानुवर्षं रोज रांगेतल्या पोरांचे बूट तपासले मी...

३० डिसें.
बूट घेतले. "साडीवर बूट? लोक हसतील." दुकानात गुडघ्यावर बसून नाडी मी बांधली. "अहो, उठा ना, लोक बघतायत." उठता येईना. दुकानदाराने आणि हिने दोन्हीकडून धरून उठवलं. तिघेही हसलो. लोकरीचे मोजे आणि हातमोजेही घेतले.

३ जानेवारी
ही माझ्या पुढे! वळणावर थांबून मागे बघत होती, नाक लाल. "पाय हलके वाटतात हो." चौहान भियांना मुद्दाम बूट दाखवून आली.

७ जाने.
फार ठंड. शाळांना सकाळची सुट्टी. बाहेर जायचं नाही, दोघांचं एकमत (नोंद घ्यावी). बैठक ते स्वयंपाकघर चाळीस फेऱ्या. मोजणारी ही. दोनदा चुकली, मी बोललो नाही.

१० जाने.
माझी तपासणी. मी ठीक. डॉ.ची नजर हिच्या पांढऱ्या बोटांवर गेली. हिचं बीपी घेतलं, फार वर. ईसीजीत काहीतरी आहे म्हणाले. मंगळवारी इंदूरला मोठी तपासणी. तोवर गोळी सुरू, चालणं अगदी हळू, अर्धीच फेरी.
रिक्षात म्हणाली, "मला काही होत नाही." नोव्हेंबरात मीही अगदी असंच म्हणालो होतो. ते तिला सांगितलं नाही.
लेकीला फोन केला. ती रडली. मग मला रागावली, आईकडे कधी बघितलंत का म्हणून. ऐकून घेतलं.

१२ जाने.
उद्या इंदूर. आज साडेनऊला ऊन चांगलं होतं. अर्धी फेरी, मग बाकावर. हातमोजे घरी विसरली. मी काही म्हणायच्या आत तिने दोन्ही हात माझ्या जाकिटाच्या खिशात घातले. चारचौघांत. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.
"उद्या गाडी किती वाजता?"
"सव्वाअकराला."
"मग सकाळी फिरून येऊ."
"उद्या राहू दे, मालती."
तिने हात खिशात आणखी आत सरकवले. हात गारच होते. ऊब यायला वेळ लागत होता. बसून राहिलो.