एक काना कमी

चाळिसाव्या पेनाचेही टोपण आत्ता माझ्या हातात तडकले आणि शाई कागदावर आली. तेव्हा वरचा निळा डाग हा डागच समजावा, त्यात काही लिहिलेले नाही. पुढचे कनकाच्या बॉलपेनने लिहितो. तीर्थस्वरूप दादांना धाकट्या भीमसेनाचा, निळ्या बोटांनी, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? इकडे सर्व खुशाल, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. उद्या सकाळी नऊला आमच्या क्वार्टरवर कनकाचा साखरपुडा आहे आणि व्याही येतील की नाही, हे मला ठाऊक नाही.

झाले ते क्रमाने सांगतो. (कृष्णवेणी म्हणते, क्रमाने सांगू नका, भावोजींना जेवायला उठायचे असते.) मद्रासेत नुंगंबाक्कमला राहणारी ही व्याह्यांची मंडळी तंजावरची मराठी. तीनशे वर्षे इकडे आहेत. त्यांचे मराठी बखरीतले आणि मधला मजकूर तमिळ. माझे मराठी मिरजेचे आणि तमिळ कारखान्यापुरते. समोरच्याचे कळले असे धरून आम्ही दोन्ही बाजू मान डोलावतो. मुलाचे वडील वेंकोबा बँकेत आहेत, फार सभ्य. आजी सकवारबाई एक्याऐंशीच्या आहेत आणि सभ्यपणाच्या पलीकडे गेल्या आहेत.

बोलणी झाली त्या दिवशी वेंकोबा म्हणाले, आम्हाला काही नको; लग्नाहून निघताना पाहुण्यांना नारळ-विड्याची पिशवी देतात, तेवढी द्या. मला भरून आले. प्रत्येक पिशवीत मी स्वतःच्या हाताने केलेले एक पेन घालीन, असे मी म्हणालो. तमिळमध्ये म्हणालो, त्यांना बरे वाटावे म्हणून. सकवारबाईंनी डोक्यावरचा पदर घट्ट केला. वेंकोबांनी हळूच विचारले, "किती?" मी म्हणालो, "शंभर तरी." मला वाटले, त्यांनाही भरून आले. मग मी खिशातून नमुना काढला तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आणि वेंकोबा म्हणाले, लग्नपत्रिका मी तुमच्या पेनानेच लिहीन. (इथे ती साखरपुड्याला सगळ्यांदेखत हाताने लिहितात आणि कोपऱ्यांना हळद लावतात.) तो नमुना उत्तम होता. आनंदाच्या भरात तो मी दुसऱ्याच दिवशी तुम्हाला पाठवला.

मी अठ्ठावीस वर्षे लोखंडात काढली, त्यातली शेवटची नऊ तपासणीत. केसभर फरकासाठी मी लोकांच्या कामावर लाल रंग मारलेला आहे. घरच्या लेथवर लाकडालाही मी लोखंडाचेच माप दिले. लोखंड तापले की फुगते, निवले की जागेवर येते. लाकूड राग धरते. मे महिन्यात टोपणे सैल होती. नोव्हेंबरच्या पावसात ती फुगून अशी बसली की ओढली तर तडकतात, आणि न ओढली तर ते पेन नसून लाटणे आहे. शंभरांचे ढीग केले: गळणारी, न उघडणारी, आणि नीट लिहिणारी. तिसऱ्या ढिगात सध्या काही नाही. काय करावे? विहिरीत टाकावीत, तर तरंगतील. सगळ्यांना लाल रंग मारावा, तर लग्नात तो शुभ समजतील. न उघडणारी श्रीमंत पाहुण्यांना द्यावीत (ते काचेच्या कपाटात ठेवतात), गळणारी माझ्या जुन्या साहेबांना द्यावीत, असे म्हणून मी यादीवर खुणा करू लागलो. अर्ध्यावर आलो आणि मला स्वतःची लाज वाटली. त्यापेक्षा प्रत्येक पेनाबरोबर एक कार्ड छापून दोष कबूल करावा, असे ठरवले.

छापखाना सुब्बाचा, आवडी स्टेशनच्या मागे. मला तमिळ वाचता येत नाही, म्हणून मजकूर तोंडी सांगितला. आता इथे व्याकरण येते. तमिळ माणूस प्रश्न विचारताना शब्दाच्या शेवटी 'आ' लावतो, बस आली का, हे नुसते "बस्सा?" म्हटले की झाले. हे मला सोळा वर्षांत नीट समजलेले आहे. मी "पेन" म्हणालो. सुब्बा म्हणाला, "पेना?" मी म्हणालो, हो, पेन. त्याने पुन्हा विचारले, "पेना?" मी आवाज चढवून सांगितले, "पेन! पेन!" त्याने माझ्या केसांकडे पाहिले आणि अक्षरांचे खिळे जुळवायला घेतले.

काल शनिवारी कार्ड दाखवायला नुंगंबाक्कमला गेलो. सकवारबाईंनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचले आणि त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर त्यांनी मला मराठीत अर्थ सांगितला: वधूच्या पित्याने स्वहस्ते तयार केलेली ही ऊ स्वीकारावी, ती चालली नाही तरी राग नसावा. ('चालणे' मी पायाने चालण्याचे सांगितले होते.)

"अय्यो, व्याही! पेन म्हणजे ऊ! लिहायची ती पेना! एक काना हो, एक काना!" आणि डोळे पुसत, "शंभर देतां, तर पिशवींत फणीही घाला!"

म्हणजे सुब्बा प्रश्न विचारत नव्हता, दुरुस्ती करत होता. मी तपासणीतला माणूस, मी त्याचे बरोबर काम नापास केले. पण खरी गोष्ट पुढे आहे. वेंकोबांनी कार्ड घेतले, वाचले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावले. वीस मिनिटे झाली तरी आले नाहीत. कॉफी निवली. मी उठून आलो.

कनका रागावली असती तर बरे झाले असते. तिला तो मुलगा आवडला आहे. ती काल जेवली नाही आणि आज दुपारपासून फडके घेऊन एकेक पेन पुसते आहे, गळणारीसुद्धा. मघाशी तिने एवढेच विचारले, "अप्पा, ते येतील ना?" तपासणीत नऊ वर्षांत मी 'बहुतेक' असा शेरा कधी दिला नव्हता. आज दिला.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

आपला,
भीमसेन
आवडी, रविवार, २१ नोव्हेंबर १९८२

ता. क. पेन मिळाल्यावर तुम्ही लिहिले होते की लाकूड ओळखीचे वाटते. बरोबर आहे. तुम्ही ठेवायला दिलेल्या बाबांच्या शिसवी पलंगाचे ते पाय आहेत. पलंग सुरक्षित आहे, फक्त जमिनीवर आहे.

ता. क. दुसरा. पत्र खरे म्हणजे यासाठी लिहिले: लग्न व्हायचे असेल तर जावयाच्या हातात एक तरी नीट लिहिणारे पेन द्यायला हवे. तुम्हाला दिलेले परत आणाल का?

सोमवार. पत्र टाकायचे राहिले होते. मंडळी साडेआठलाच आली. वेंकोबा शनिवारी आत उशीत तोंड खुपसून हसत होते. व्याह्यांसमोर हसणे त्यांना बरे वाटले नाही, आणि बाहेर येईपर्यंत मी गेलो होतो. सकवारबाईंनी कार्ड बदलायला मनाई केली आहे. पेने आहेत तशी सगळी द्यायची, फण्या त्या आणणार आहेत. लग्नपत्रिका वेंकोबांनी कनकाने पुसलेल्या एका पेनाने लिहिली. तिच्या नावापाशी ते गळले. त्यांनी डागावर हळदीचे बोट ठेवले आणि पुढे लिहिले. तुमचे पेन तुमच्याकडेच असू द्या. लग्नाला येताना निजायला सतरंजी आणा.